उजनी किती टक्के? बारावीचं गणित धरणावर, मागावर आणि डाळिंबाच्या बागेत

जुलै उजाडला की सोलापुरात ख्यालीखुशालीच्या आधी एक प्रश्न विचारला जातो, "उजनी किती झाली?" रिक्षात विचारतात, सलूनमध्ये विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात. उजनी म्हणजे आमचं धरण, आणि उत्तर येतं टक्क्यांत : मायनस बारा. मग मायनस तीन. आणि एके सकाळी कुणीतरी ओरडतं, "आली बे प्लसमध्ये!" जोडीला दुसरा आकडा असतोच : वरच्या बाजूच्या दौंडहून किती हजार क्युसेकनं पाणी येतंय. या दोन आकड्यांवर चहाच्या गाड्यापाशी अर्धा-अर्धा तास वाद चालतो. तो वाद म्हणजे बारावीच्या गणिताच्या दुसऱ्या भागातला मोठा हिस्सा आहे, हे वाद घालणाऱ्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

मीही सांगितलं नव्हतं. अकरावी-बारावीला बरीच वर्षं गणित शिकवलं. एकदा एका पोरानं विचारलं, "सर, हे इंटिग्रेशन करून पुढं काय करायचं असतं?" मी म्हणालो, "परीक्षेला येतं, कर." तो गप्प बसला. त्याचं समाधान झालं नव्हतं, माझं झालं होतं.

आता तोच प्रश्न पालक वेगळ्या तोंडानं विचारतात. एआय आलं, डेटा सायन्स आलं, बॅटरीवरच्या गाड्या आल्या, मग मुलांना शाळेतच 'पुढचं गणित' शिकवायला हवं का? त्याच्या जाहिराती लागल्यात, फिया तर विचारू नका. म्हणून हे पुढचं गणित म्हणजे आहे तरी काय, आणि शाळेत त्यातलं कितपत जमेल, ते सोपं करून सांगतो. उदाहरणं बाहेरून आणायची गरजच नाही.

आधी ते उणे टक्के. पाहुण्यांना याचं फार नवल वाटतं. रिकामं धरण शून्य टक्के, मग त्याच्याही खाली कसं जाईल? उजनीत ठरलेल्या पूर्ण पातळीला सुमारे ११७ टीएमसी (पाणी मोजायचं माप, फोड पुढं करतो) पाणी मावतं. त्यातलं ६३.६६ टीएमसी हा मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या दारांनी बाहेर काढता न येणारं पाणी. वरचं ५३.५७ टीएमसी उपयुक्त. टक्केवारी फक्त या वरच्या साठ्याची काढतात. म्हणून 'शून्य टक्के' म्हणतो तेव्हाही धरणात ६३ टीएमसीहून जास्त पाणी असतं, आणि उणे पन्नास म्हणतो तेव्हा जवळपास ३७. २०२४च्या उन्हाळ्यात आपण त्याच्याही खाली गेलो होतो. शून्य कुठं ठेवायचं ते माणूस ठरवतो आणि सगळे आकडे त्याच्या हिशेबानं वाचायचे असतात, ही गोष्ट सहावीतल्या पोराला संख्यारेषेवर कळायला हवी. कळत नाही, कारण आपण त्याला लिफ्ट आणि थर्मामीटर दाखवतो. उजनी दाखवत नाही.

आता खरा मुद्दा. 'चाळीस टक्के' आणि 'पन्नास हजार क्युसेक' हे दोन वेगळ्या जातीचे आकडे आहेत. पहिला साठा सांगतो, दुसरा वेग. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, आपल्या भाषेत शंभर कोटी. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे १०,००० क्युसेक पाणी दिवसभर आलं आणि खाली काहीच सोडलं नाही, तर साठा ८६.४ कोटी घनफुटांनी वाढला. उजनीचा एक टक्का साधारण ५३.६ कोटी घनफुटांचा. म्हणजे दिवसाला १.६ टक्के. एवढा एक हिशेब डोक्यात ठेवला की चहाच्या गाड्यावर तुम्ही तज्ज्ञ. दौंडचा विसर्ग एक लाख असेल तर दिवसाला सोळा टक्के, उरलेलं तोंडी करा.

पण विसर्ग दिवसभर एकसारखा कुठं असतो? समजा पहिले सहा तास २०,००० क्युसेक, पुढचे सहा तास ४०,००० आणि उरलेले बारा तास १५,०००. मग तुकडे पाडायचे. पहिल्या तुकड्यात ४३.२ कोटी घनफूट, दुसऱ्यात ८६.४, तिसऱ्यात ६४.८. बेरीज १९४.४ कोटी, म्हणजे साडेतीन टक्क्यांहून थोडं जास्त. तुकडे तासातासाचे पाडले तर उत्तर जास्त बरोबर येतं, मिनिटामिनिटाचे पाडले तर आणखी बरोबर. तुकडे बारीक करत गेलं की बेरीज ज्या आकड्यावर जाऊन टेकते, तो आकडा म्हणजे इंटिग्रेशन. ते लांबुळकं चिन्हसुद्धा मुळात बेरजेसाठीच्या लॅटिन शब्दाचं पहिलं अक्षर आहे, ताणून लिहिलेलं. आणि उलट बाजूनं, साठ्याचे आकडे हातात असताना 'या घटकेला तो किती वेगानं वाढतोय' असं विचारलं की झालं डेरिव्हेटिव्ह. 'क्षचा घात एकनं वाढवा आणि त्यानंच भागा' हा नियम खोटा नाही. पण तो नंतर यायचा असतो, हिशेब वाचवायला. आपण तोच पहिल्या दिवशी फळ्यावर लिहितो आणि धरण विसरून जातो.

धरण विसरल्यामुळं काय होतं बघा. सोमवारी साठ हजार क्युसेक येत होतं, मंगळवारी तीस हजारांवर आलं. खाली दहा हजारच सोडताहेत. निम्मी माणसं म्हणतात, "उतरली उजनी." कसली उतरते! वीस हजारांचा भरणा अजून चालूच आहे, पाणी चढतंच आहे, फक्त चढण्याचा वेग कमी झालाय. पातळी सगळ्यात वर असते ती येणारं आणि जाणारं पाणी समसमान होतं त्या क्षणी. येणारं पाणी सगळ्यात जास्त असतं तेव्हा नव्हे. 'कमाल बिंदूला डेरिव्हेटिव्ह शून्य' हे वाक्य पाठ असलेल्या मुलांनाही मी हा प्रश्न घातलाय. बहुतेक चुकतात.

हेच गणित मोबाइलच्या बॅटरीत आहे. मिलिअँपिअर म्हणजे विसर्ग, मिलिअँपिअर-अवर म्हणजे टीएमसी. विजेवरच्या गाडीत 'अजून ६२ टक्के' असं जे दिसतं, ते काढायची एक नेहमीची पद्धत म्हणजे क्षणाक्षणाला किती करंट आत-बाहेर गेला त्याची बेरीज ठेवणं. मोजमापात जराशी चूक असेल तर ती बेरजेत साठत जाते. तो आकडा मधूनमधून ताळ्यावर आणायचा कसा, यावर चांगले पगार घेणारे इंजिनियर डोकं चालवत बसलेले असतात. कर्जाचा हप्ता, सर्व्हरवरची गर्दी, शरीरातली साखर, सगळीकडं तेच : साठा बदलण्याचा वेग म्हणजे येणारं वजा जाणारं. यालाच डिफरन्शियल इक्वेशन म्हणतात. नाव ऐकून पोरं घाबरतात, आणि अकरावीला मराठी माध्यमातून एकदम इंग्रजीत येऊन पडलेली पोरं दुप्पट घाबरतात. ती भीती गणिताची कमी आणि शब्दांची जास्त असते, पण तो वेगळा विषय आहे, त्यावर मी सुरू झालो तर थांबणार नाही.

चादरीकडे येतो. आपल्या जेकार्डच्या चादरीवर मोर, फुलं, वेलबुट्टी असते, ती छापलेली नसते, विणलेली असते. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. प्रत्येक आडवा धागा जाताना कोणता उभा धागा वर उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा, एवढंच मागाला सांगायचं असतं. नक्षी चौकटीच्या कागदावर काढायची, चौकट भरलेली असेल तर धागा वर, मोकळी असेल तर खाली. भरलेल्या जागी १ लिहा, मोकळ्या जागी ०. झाला मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा चौकटीतला तक्ता. जोसेफ मारी जाकार या फ्रेंच माणसानं (जेकार्ड हे नाव त्याचंच) १८०४च्या सुमारास हाच तक्ता भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चढवला. चार्ल्स बॅबेजनं पुढं आपल्या गणनयंत्रासाठी ही पुठ्ठ्यांची युक्ती उचलली, आणि एडा लव्हलेसनं १८४३ साली लिहून ठेवलं की जेकार्डचा माग जशी फुलंपानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताच्या नक्ष्या विणतं. म्हणजे ज्या गावात अजून जेकार्ड खडखडतोय, तिथल्या पोराला संगणक ही परकी चीज वाटायचं काही कारण नाही. मोबाइलमधला फोटोही असाच तक्ता आहे, फक्त ० आणि १ ऐवजी प्रत्येक चौकटीत रंगाचे आकडे.

मॅट्रिक्सची बेरीज मुलांना पटते. गुणाकार आला की अडतात. 'ओळ घ्या, स्तंभ घ्या, गुणा, बेरीज करा', हा आचरट नियम कुणी काढला? कारखान्याचा मुनीम रोज तोच नियम वापरतो. आकडे समजुतीपुरते घेऊ. एका चादरीला ३०० ग्रॅम लाल सूत आणि ७०० ग्रॅम पांढरं लागतं. एका टॉवेलला ५० ग्रॅम लाल, २५० पांढरं. पहिल्या दुकानाची ऑर्डर १० चादरी आणि २० टॉवेल, दुसऱ्याची ५ चादरी आणि ४० टॉवेल. पहिल्या दुकानासाठी लाल सूत किती? दहा गुणिले तीनशे, अधिक वीस गुणिले पन्नास. चार किलो. पांढरं बारा किलो. दुसऱ्यासाठी लाल साडेतीन, पांढरं साडेतेरा. ऑर्डरच्या तक्त्याची ओळ घेतली, सुताच्या तक्त्याचा स्तंभ घेतला, गुणलं, बेरीज केली. दुसरं काही करूनच चालत नाही. आता सुताचा भाव लाल ४००, पांढरं ३०० रुपये किलो धरा, आणखी एकदा तोच गुणाकार करा, पहिल्या दुकानाचं सूत ५,२०० रुपयांचं, दुसऱ्याचं ५,४५०. आणि तक्त्यांची अदलाबदल का चालत नाही, हेही विचारावं लागत नाही. सुताचा तक्ता आधी आणि ऑर्डरचा नंतर ठेवून गुणलं तर आकडे येतील, पण त्यांना अर्थ काहीच नसेल. मुनिमाला हे सांगून बघा, तो तुमच्याकडं कसा बघतो ते.

एआयचा मोठा गाजावाजा आहे, त्याच्या पोटात बहुतांश हाच गुणाकार आहे. फोटोचे आकडे आत जातात, एका तक्त्यानं गुणले जातात, उणे आलेल्या जागी शून्य ठेवतात, मग पुढच्या तक्त्यानं गुणतात, असं कितीतरी वेळा. मधली ती 'उण्याला शून्य करा' पायरी क्षुल्लक दिसते, पण ती काढली तर सगळा डोलारा कोसळतो. कारण दोन तक्ते लागोपाठ गुणले की त्यांचा मिळून एकच तक्ता होतो, वर बघितलं तसं : ऑर्डर ते सूत, सूत ते रुपये, मधलं सूत गाळून थेट 'एका चादरीला सुताचे किती रुपये' असा तक्ता करता येतो. मग शंभर तक्ते काय आणि एक काय, सारखंच. मधे ती वाकडी पायरी आहे म्हणून थरांना अर्थ आहे. हे बारावीच्या मुलाला कळतं. मी समजावून पाहिलंय, वीस मिनिटं लागतात.

संभाव्यतेचं मात्र वीस मिनिटांत होत नाही. तिथं मोठी माणसंही घसरतात, मीही घसरलोय. सांगोल्याकडच्या डाळिंबवाल्याला तेल्या म्हटलं की अंगावर काटा येतो. हा जिवाणूंनी होणारा रोग, पानांवर-फळांवर तेलकट डाग पडतात आणि बाग हातची जाते. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५पासून आपल्याच सोलापुरात आहे. समजा कुणी मोबाइलचं अ‍ॅप आणलं : पानाचा फोटो काढा, तेल्या आहे की नाही ते सांगतो. रोगट शंभर झाडांतली नव्वद तो बरोबर ओळखतो, निरोगी शंभरातली आठ मात्र चुकून रोगट ठरवतो. तुमच्या एका झाडाला त्यानं 'तेल्या' म्हटलं. झाड खरंच रोगट असण्याची शक्यता किती? बहुतेक जण म्हणतील नव्वद टक्के.

हजार झाडांची बाग धरा, त्यात खरी रोगट वीस. त्यांतली १८ अ‍ॅपनं पकडली. निरोगी ९८०, त्यांच्या आठ टक्के म्हणजे जवळजवळ ७८ झाडांवरही त्यानं शिक्का मारला. एकूण शिक्के ९६, खरे १८. पाचात एकही नाही. म्हणजे अ‍ॅपच्या भरवशावर झाडं उपटली तर चार चांगली उपटून एक रोगट निघेल. आता तीच बाग रोगानं ग्रासलेली धरा, हजारातली ३०० रोगट. मग पकडलेली २७०, चुकीचे शिक्के ५६, आणि 'तेल्या' म्हटलेल्या शंभरातली ८३ खरोखर रोगट. अ‍ॅप तेच, त्याचं बोलणं तेच, अर्थ मात्र आधी बागेची स्थिती काय होती त्यावर फिरला. हा बेजचा नियम. सूत्रानं शिकवला तर वर्षभरात विसरतात, हजार झाडं मोजून शिकवला तर राहतो. दवाखान्यातल्या तपासण्या, बँकेतली फसवणूक पकडणारी यंत्रणा, स्पॅम ओळखणारा ईमेल, सगळे याच नियमाखाली येतात. आणि अ‍ॅप बनवणारा इंजिनियर असो की ते विकत घेणारा शेतकरी, दोघांनाही हे कळायला हवं. शेतकऱ्याला जरा जास्तच, पैसे त्याचे जातात.

मग हे पुस्तकात नाही का? आहे की! २०२० साली आलेल्या राज्य मंडळाच्या बारावी विज्ञानाच्या पुस्तकांत मॅट्रिक्स आहे, डेरिव्हेटिव्ह आहे, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन, संभाव्यता, सगळं आहे. गंमत वेगळीच आहे. ठिपक्यांच्या गर्दीतून सगळ्यांत कमी चूक असलेली सरळ रेषा कशी काढायची, त्याला लिनिअर रिग्रेशन म्हणतात, आणि मशीन लर्निंगच्या घरात शिरायचा तोच पुढचा दरवाजा आहे. तो धडा वाणिज्यच्या पुस्तकात आहे, विज्ञानच्या नाही. डेटा सायन्सला जायचं म्हणून विज्ञान घेतलेल्या पोराच्या हाती तो लागत नाही, आणि शेजारच्या वर्गात कॉमर्सची मुलगी तो सोडवून मोकळी झालेली असते. सीबीएसईनं याच सुमाराला अकरावी-बारावीसाठी 'अप्लाइड मॅथेमॅटिक्स' असा वेगळा विषय काढला, तोही मुख्यतः वाणिज्य आणि समाजशास्त्रांकडं जाणाऱ्यांसाठी. उपयोगाचं गणित म्हणजे सोपं, दुय्यम गणित, ही आपली जुनी समजूत त्यात डोकावते.

तरीही बीजगणिताला फाटा देऊन थेट डेटा सायन्स शिकवा म्हणणाऱ्यांच्या बाजूनं मी नाही. हा वाद अमेरिकेत कॅलिफोर्नियात होऊन गेलाय. तिथं शाळांत बीजगणिताच्या दुसऱ्या पाठ्यक्रमाऐवजी डेटा सायन्स चालेल अशी सोय झाली होती. २०२३मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रवेशविषयक प्राध्यापक समितीनं ती मागं घेतली. बरोबर केलं असं माझं मत. अपूर्णांकाचा छेद सारखा करताना ज्याचा हात थरथरतो, त्याच्यापुढं संगणकाची तयार लायब्ररी, म्हणजे आयते लिहिलेले प्रोग्रॅम, ठेवली तर तो बटणं दाबेल, आलेलं उत्तर खरं की खोटं हे त्याला सांगता येणार नाही. आठवी ते दहावीत बीजगणित हातात बसलं पाहिजे, स्वयंपाकात भाकरी थापता येते तसं, न बघता. त्याला पर्याय नाही.

बदलायचंय ते वेगळं. आपल्या परीक्षेत समीकरण तयार दिलेलं असतं आणि ते सोडवायचे मार्क असतात. नोकरीत उलटं असतं. सोडवायला यंत्र आहे, समीकरण कुणी देत नाही. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, बॅटरी लवकर उतरते, किंवा सूत जास्त लागतंय. त्यातून काय मोजायचं, काय सोडून द्यायचं, कशाला क्ष म्हणायचं, एकक कोणतं, हे ठरवणं म्हणजे काम. या मांडणीच्या पायरीला आपल्याकडं ना तासिका आहे ना गुण. संगणक नसले तरी ती शिकवता येते, साठ पोरांच्या वर्गातही येते. पेपर आणि वही पुरते.

निवृत्तीच्या आधी शेवटची दोन वर्षं मी ते करून बघितलं. जुलैचा पूर्ण महिना मुलांनी रोज पेपरातून तीन आकडे वहीत उतरायचे : उजनीचा साठा, दौंडचा विसर्ग, खाली सोडलेलं पाणी. महिनाअखेर एकच प्रश्न. येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्यावरून साठा किती व्हायला हवा होता ते काढा, पेपरातल्या आकड्याशी ताडा, फरक पडला तर का पडला ते लिहा. गुण फक्त शेवटच्या भागाला.

फरक सगळ्यांचाच पडला. कुणी लिहिलं बाष्पीभवन. कुणी लिहिलं, विसर्ग सकाळी मोजलेला आहे, दिवसभराचा नाही. एकानं कालव्याचं पाणी धरायलाच विसरल्याचं कबूल केलं. आणि मागच्या बाकावरचा एक करमाळ्याकडचा पोरगा, एरवी तोंड न उघडणारा, उभा राहिला.

"सर, बॅकवॉटरवरच्या मोटारी धरायच्या का सोडायच्या?"

"तुला काय वाटतं?"

"धराव्या लागतील. आमच्या मामाच्याच दोन हायत." जरा थांबून म्हणाला, "पण सर, किती तास चालतात ते मामा कुणाला खरं सांगत न्हाई. मग क्ष धरू का?"

"धर," मी म्हणालो.